टेकाडामागची घंटा

१

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं रोज सकाळी अठरा भोकं पाडत आला आणि अठरा भोकं बुजवत आला. यावर आमच्या घरात एकच विनोद आहे आणि तोही बावीस वर्षं जुना. "आज काय केलंस रे?" "कालचं बुजवलं."

तो गोल्फच्या मैदानावर माळी. ज्या भोकात चेंडू घालवायचा ते एकाच जागी राहिलं तर भोवतालचं गवत बुटांखाली मरतं, म्हणून भोक रोज हलवावं लागतं. उजाडलं की हा पोलादी नळी घेऊन निघणार. ग्रीनवर, म्हणजे गालिच्यासारख्या कापलेल्या हिरवळीवर, नवी जागा बघणार, नळी फिरवून मातीचा गोल ठोकळा बाहेर काढणार आणि तोच कालच्या भोकात दाबून बसवणार. वरून पायाने चापणार, झेंडा नव्या जागी रोवणार, की पुढचं ग्रीन. सात वाजता पहिला सभासद येईपर्यंत अठरा झालेली असतात आणि काल भोक कुठे होतं हे कुणाच्या बापाला कळत नाही.

सातव्या होलवर, म्हणजे मैदानाच्या सातव्या टप्प्यावर, त्याला आणखी एक काम असायचं. तिथे घंटा आहे.

सातवा होल म्हणजे त्या मैदानाची मिजास. पहिला फटका मारायचा ओटा आणि जिथे पोचायचं ते ग्रीन यांच्या मधोमध दुमजली घराएवढं टेकाड उभं आहे. ओट्यावरून ग्रीन दिसतच नाही. जायला वाटा दोन. डावीकडून लांबचा वळसा घ्यायचा; फटके जास्त लागतात, पण वळणावर आलं की सगळं डोळ्यांसमोर असतं. नाहीतर थेट टेकाडावरून चेंडू उडवायचा, न बघता, आणि पलीकडच्या खळग्यात तो नीट पडला असेल असं धरून चालायचं. मर्दुमकी दाखवणारे अर्थात दुसरी वाट घेतात.

आणि पलीकडे कुणी असलं तर? त्यासाठी घंटा. खेळून झालेला माणूस ग्रीन सोडताना खांबावरची दोरी ओढतो. दोन टोल, थोडं थांबून आणखी दोन. टेकाडाच्या अलीकडे थांबलेल्यांसाठी त्याचा अर्थ ठरलेला: वाट मोकळी आहे, मारा.

भाऊ रोज दोरी तपासायचा, कडीला तेल द्यायचा, एकदा वाजवून बघायचा.

एका मंगळवारी तो तिसऱ्या ग्रीनवर वाकलेला असताना घंटा वाजली. दोन, आणि दोन. फाटक बंद होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

२

हे मला त्याने तेव्हा सांगितलं नाही. बारा दिवसांनी, रविवारी सांगितलं. बायकोला घेऊन आला, चहाचा कप तसाच ठेवला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी जड माझ्या टेबलावर ठेवलं. शेजारी दोन पानी कागद.

मी आधी कागद वाचला. ती माझी सवय. एकतीस वर्षं बातमीदारी केली, त्यात असले कागद पोत्याने वाचले. लिहिलं होतं की शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास सातव्या ग्रीनवर एक सभासद चेंडू काढत असताना संबंधित कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे घंटा वाजवली. ती ऐकून मागे असलेल्या खेळाडूने नियमाप्रमाणे फटका मारला. चेंडू सभासदाच्या कानशिलावर बसला. कर्मचाऱ्याला आपली चूक मान्य आहे. खाली सहीसाठी जागा.

चेंडू लागला तो दातांचा डॉक्टर. मारला तो क्लबचा सचिव. कागद लिहिला तोही सचिवानेच.

"तू वाजवलीस?" मी विचारलं.

"नाही."

"मग कुणी? तिथे तुझ्याशिवाय होतं कोण?"

"कुणीच नव्हतं, ताई. मी चाळीस पावलांवर वाळूचा खड्डा दाताळ्याने सारखा करत होतो. पाठ तिकडे होती. मला घंटा ऐकूच आली नाही. चेंडू बसल्याचा आवाज आला तेवढा." त्याने फडकं सोडलं. आत मुठीएवढा पितळी गोळा होता, वर कडी. "आणि वाजणार कशी? लोलक तर हा. शुक्रवारी संध्याकाळी मीच काढला."

"का?"

"वाजायची. रोज पहाटे. मी पोचलो की बंद."

"वारा असेल."

"खळगा आहे तो. तिथे काडी पेटवली तर विझत नाही." तो जरा थांबला. "आणि वारा दोन टोल देऊन थांबत नाही. हे शिस्तीत वाजायचं. सभासद वाजवतात तसं."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"शनिवारी सांगणार होतो. ऑफिस नऊला उघडतं. खेळ सातला सुरू होतो हे काय मला माहीत नाही? पण मी म्हटलं, घंटा वाजली नाही तर लोक थांबतील. टेकाडावर चढून बघतील. कुणीही बघेल ना, ताई?"

बावीस वर्षं त्या लोकांत काढून त्याला अजून वाटत होतं की हे लोक चढून बघतील.

त्याची अडचण मला तेव्हाच कळली. घंटा वाजवली असं मान्य केलं तर नोकरी जाणार. वाजवली नाही म्हटलं तर लोलक दाखवावा लागणार, म्हणजे सुरक्षेची घंटा परस्पर बंद पाडली म्हणून पोलीस. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत सही करा, नाहीतर तक्रार जाईल, असं सचिवाने बजावलं होतं.

"सही करून टाकतो," भाऊ म्हणाला. "सुटेल एकदाचं."

"ताई, याला सही करू देऊ नका," भावजय पहिल्यांदाच बोलली. "सगळं आयुष्य वाकून काढलं याने. आता तरी ताठ उभा राहू दे."

तिने हे त्याच्याकडे न बघता सांगितलं. मी लोलक ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कामाला लागले.

३

इस्पितळात दातांच्या डॉक्टरच्या कानापासून हनुवटीपर्यंत पट्टी होती. जन्मभर लोकांना तोंड उघडा सांगणाऱ्या माणसाचं तोंड बांधून ठेवलेलं. त्याला बोलता येत नव्हतं, पण डोकं शाबूत होतं. मी वही पुढे केली.

त्याने लिहिलं: घंटा वाजली नाही.

"सचिव म्हणतात वाजली. त्यांनी स्पष्ट ऐकली."

त्याने खाली लिहिलं: मी खांबापासून वीस पावलांवर होतो. एवढा बहिरा नाही.

"मग ग्रीनवर दुसरं कुणी होतं?"

नर्स येऊन बाटली बदलून गेली. मग त्याने लिहिलं: मी वाकलो होतो. कुणीतरी मागे उभं होतं. मला वाटलं तुमचा भाऊ.

"भाऊ का वाटला? पाहिलंत?"

पाहिलं नाही. कुणी आपलं आटपायची वाट बघत असलं की कळतं ना, तसं.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली आणि खोडली. नुसती काट मारली नाही, कागद फाटेपर्यंत गिरवली. मग वर पहिल्या वाक्याखाली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

मला एक ओळ पुरेशी होती. एका माणसाने ऐकली, दुसऱ्याने ऐकली नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय. असल्या भांडणांवर मी पोट भरलंय. बाहेर पडताना माझी पावलं हलकी होती.

४

बुधवारी दुपारी बारा वाजता आम्ही दोघं सातव्यावर गेलो. होल बंद होता, ओट्याभोवती दोरी बांधली होती. मी दोरी ओलांडली. भाऊ खालून वाकून आला.

"तू इथे बस," मी म्हटलं. "घड्याळ आणि ही वही. काहीही ऐकू आलं तर वेळ लिही. मी घंटेपाशी वीस मिनिटं थांबते."

"वळशाने जा, ताई. रस्ता चांगला आहे."

"मी काय खेळायला आलेय?" मी सरळ टेकाड चढले. गवत निसरडं होतं, बूट दोनदा घसरला. वर पोचल्यावर पलीकडचा खळगा दिसला: ग्रीन, झेंडा, कडेला लाकडी खांब, वर घंटा. एवढंच. भर उन्हात उघडीबोडकी जागा.

मी घंटेच्या आत हात घालून बघितला. कडी रिकामी होती. तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, ते मी बोट घातल्यावर तुटलं. म्हणजे निदान एक-दोन दिवस आत कुणाचा हात गेलेला नव्हता. मला बरं वाटलं. जाळं हा पुरावा आहे. जाळ्याला कुणाची बाजू नसते.

मग मी थांबले. उभं राहून पाय दुखले म्हणून खांबाभोवती फेऱ्या मारल्या. तीन. एक गोष्ट सांगायची राहिली. वर चढताना गवत कापायच्या मशीनचा आवाज दूरवर चालू होता. खळग्यात उतरल्यावर तो बंद झाला. पुन्हा वर आले तेव्हा तो चालूच होता. मी तेव्हा म्हटलं, जमिनीचा उतार आहे, आवाज अडतो. आजही तसंच म्हणते.

घंटा वाजली नाही. वीस मिनिटं ती माझ्या डोक्यावर होती आणि तिने हूं की चूं केलं नाही.

मी टेकाड उतरून आले तेव्हा भाऊ उभा होता. वहीत तीन वेळा लिहिल्या होत्या. बारा दहा. बारा चौदा. बारा एकवीस.

"काय जुगाड केलास?" तो म्हणाला. त्याला हसू येत होतं. "दगडाने वाजवलीस ना? पण अगदी हुबेहूब, ताई. दोन आणि दोन."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"आता उलट करू," तो म्हणाला. "तू बस इथे. मी जातो पलीकडे."

कुठलीही चाचणी दोन्ही बाजूंनी करायची, हे मी नव्या पोरींना ओरडून शिकवलंय. तरी मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "नको."

५

क्लबच्या इमारतीत एक लांब बोळ आहे. भिंतीवर अठरा होलांचे मूळ नकाशे, काचेच्या चौकटीत. आखणी करणारा म्हातारा जाऊन नऊ वर्षं झाली. मैदान उघडलं तेव्हा मी त्याची मुलाखत घ्यायला गेले होते. खरं सांगायचं तर भांडायला. ती सगळी मोकळी जागा होती, कुणीही चालायला यायचं. मी तीन लेख लिहिले. तिसरा बागकामाच्या पानावर छापला गेला. जाऊ दे.

ती जुनी वही मी शोधून काढली होती. माझ्याच अक्षरात त्याची वाक्यं: "सगळं दाखवलं की माणूस नुसता अंदाज बांधतो. अर्धं झाका, दोन वाटा द्या. मग तो कोण आहे ते कळतं."

खाली माझा प्रश्न: "आणि ज्याला तुमच्या दोन्ही वाटा नको असतील?"

त्यावर तो पेन्सिलीला टोक करत बसला होता, हे मला अजून आठवतं. खूप वेळ केलं. मग म्हणाला होता, "अशी माणसं थोडी असतात. पण सोय करावी लागते."

सातव्याचा नकाशा बोळाच्या शेवटी आहे. डावीकडचा वळसा निळ्या शाईत. टेकाडावरून जाणारी उडी लाल शाईत. आणि दोन्हींच्या मधून पेन्सिलीची एक बारीक रेघ. ओट्यापासून निघालेली, टेकाडावर सरळ चढलेली. चढावर दोन ठिकाणी ती किंचित बाजूला सरकली होती. मग खळगा. मग घंटेची खूण. खुणेभोवती तीन वेटोळी. मग तशीच परत.

मी चष्मा पुसला. माणसाच्या डोळ्यांना ढगात हत्ती दिसतात, हे मला ठाऊक आहे. मी चौकट भिंतीवरून उतरवली. मागचा कागद जुना, पिवळा, कडेने डिंक वाळलेला. कुठेही उचकटलेलं नाही. चौकटीच्या खाली भिंतीचा रंग वेगळा होता. वर्षानुवर्षं ती हलली नव्हती.

"ही रेघ आधी होती?" मी विचारलं.

भाऊ जवळ यायला तयार नव्हता. लांबूनच म्हणाला, "मला दोनच ठाऊक आहेत."

मी मोबाईलवर फोटो काढला आणि चौकट जागेवर लावली.

घरी पोचेपर्यंत मला राग आला होता. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. मेलेला असो की जिवंत, कुणी मला आधीच आखून ठेवावं? मी कुठून जायचं, कुठे घसरायचं, किती फेऱ्या मारायच्या? आणि त्याच्या त्या थोर कलेपायी माझ्या भावाने निष्काळजी म्हणून सही करायची?

६

गुरुवारी साडेचारला सचिवाच्या टेबलावर कागद मांडलेला होता, वर उघडं पेन. भाऊ हातात टोपी धरून उभा.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" सचिव म्हणाला. "घरातलं प्रकरण आहे. आम्ही याला मुलासारखं मानतो."

"मुलाला पोलिसांत देता?"

"म्हणून तर सही म्हणतोय. सही झाली की तक्रार नाही."

मी डॉक्टरची ओळ पुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली. "डोक्याला मार लागलाय त्यांच्या."

"तुमच्याच चेंडूने."

"मी घंटा ऐकून मारला! घंटा वाजली होती, शपथेवर सांगतो!" तो खरंच कळवळून बोलला. आणि माझी मोठी अडचण अशी की माझा त्याच्यावर विश्वास बसला.

"मग चला," मी म्हटलं. "पाच वाजायला पंचवीस मिनिटं आहेत. सातव्यापर्यंत सहा लागतात."

तो आला. नाही म्हटलं असतं तर घाबरला असं दिसलं असतं, आणि उडवून मारणाऱ्यांना तेवढं एक चालत नाही.

ओट्यावर आम्ही तिघं उभे राहिलो. मी पिशवीतून लोलक काढला आणि सचिवाच्या हातात दिला.

"हे काय?"

"तुमच्या घंटेच्या आतला आहे. अपघाताच्या आदल्या संध्याकाळपासून बाहेर आहे. माझा भाऊ तुमच्या डावीकडे, मी उजवीकडे. आता ऐका."

"म्हणजे याने काढला? हे तुम्ही मला स्वतः सांगताय? मॅडम, तुम्ही तर याला पुरताच..."

घंटा वाजली.

दोन. टेकाडामागून, स्वच्छ, जवळून. मग तेवढंच थांबून आणखी दोन.

सचिवाने हाताकडे बघितलं. मीही बघितलं. प्रत्येक टोलाबरोबर लोलक त्याच्या ओंजळीत उसळत होता. फार नाही. झोपलेल्या माणसाचा हात मध्येच उडतो ना, तेवढाच.

"वारा," तो म्हणाला.

टेकाडावरचं एक पातं हलत नव्हतं.

"वाट मोकळी आहे म्हणते ती," मी म्हटलं. "बघून येते."

"ताई, नको," भाऊ म्हणाला. तो माझ्यामागे दोन पावलं आला आणि उभा राहिला. मी चढले. या वेळी मुद्दाम वाकडी चढले. कालच्या जागा टाळल्या, एकदा मागे आले, एकदा आडवी गेले. आखणाऱ्याला जरा कष्ट पडू देत.

वर पोचले. घंटा खळग्यात हेलकावत होती, पूर्ण, डावीकडून उजवीकडे. आवाज नव्हता. दोरी खाली लोंबत नव्हती. ती तिरपी ताणलेली होती, तिचं टोक छातीच्या उंचीवर, जसं कुणी मागे रेलून दोन्ही हातांनी धरावं. टोकाला कुणी नव्हतं.

मग दोरी सैल झाली. सुटली नाही, कुणीतरी ती खाली नेऊन सोडली, हळूच, पाहुणा आला की आपण हातातलं काम बाजूला ठेवतो तशी.

आणि खळग्यातून माझ्याकडे येणाऱ्या चढावर गवत दबलं. एका जागी. मग त्याच्या थोडं वर दुसऱ्या जागी. घाई नव्हती.

मी हलले नाही. हे शौर्य म्हणून सांगत नाही, पळायचं सुचलंच नाही. पण जीभ शुद्धीवर होती. ती मला कधी दगा देत नाही.

"थांबायचं तिथेच!" मी ओरडले. "इथे माणूस उभं आहे!"

ते थांबलं. माझ्यापासून दोन हातांवर, गवतात दोन पावलांएवढ्या जागा, टाचा खळग्याकडे. नुकतीच टोक केलेल्या पेन्सिलीच्या लाकडाचा वास आला. तेवढंच. सूर्य माझ्या पाठीमागे, ओट्याच्या बाजूला कलला होता आणि माझी सावली त्या दोन जागांवर पडली होती. मी जितका वेळ उभी होते, तितका वेळ गवत वर आलं नाही.

मी पाठ न फिरवता उतरले. मागे मागे, एकेक पाऊल.

सचिवाने लोलक गवतात टाकला होता आणि तो रुमालाने हात पुसत होता. पुन्हा पुन्हा.

"ऐकलंत?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, टेकाडाकडे मात्र बघितलं नाही. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला.

टेकाडावर जे होतं त्याची मला भीती वाटली. या माणसाची किळस वाटली. दोन्हींतलं काय वाईट, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

भाऊ वाकला, लोलक उचलला आणि ताठ उभा राहिला. "साहेब, कागद ऑफिसात आहे ना?" तो म्हणाला. "मी लिहितो."

त्याने सचिवाच्या कागदावर सही केली नाही. तो उलटा केला आणि मागे स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. घंटा कुणी नसताना वाजत होती. म्हणून मी शुक्रवारी लोलक काढला आणि कुणाला कळवलं नाही, ती माझी चूक. शनिवारी घंटा मी वाजवली नाही. मग सही केली आणि घड्याळ बघितलं. पाचला दोन मिनिटं कमी होती.

७

नोकरी गेली. तक्रार गेली नाही, कारण तक्रार झाली असती तर सचिवाला शपथेवर सांगावं लागलं असतं की त्याने काय ऐकलं. भाऊ अजून पाचला उठतो. परवा भावजयीच्या कुंड्यांमधली माती त्याने नळीने इकडची तिकडे केली. "निदान बुजवतो तरी," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

हे मी आता का लिहितेय? कारण येत्या रविवारी स्पर्धा आहे आणि सातवा होल पुन्हा उघडतोय. नवा लोलक बसवलाय. जाहिरातीत टेकाडाचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय: रहस्याला सामोरे जा, धाडसाची वाट निवडा. माझ्या संपादकाने हा मजकूर परत केला. म्हणाला, एकतीस वर्षांनंतर भुताची गोष्ट? मी त्याला म्हटलं, यात भूत हा शब्द कुठे आहे ते दाखव. त्याला सापडला नाही. तरी छापला नाही.

म्हणून मी स्वतः छापतेय. रविवारी सकाळी साडेसहाला फाटकावर उभी राहून प्रत्येक खेळणाऱ्याच्या हातात देणार आहे. सांगायचं एवढंच: घंटेवर विश्वास ठेवू नका. ती जेव्हा सांगते वाट मोकळी आहे, तेव्हा पलीकडे कुणीतरी वाकलेलं असतं. मारण्याआधी टेकाडावर चढा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. लाज वाटली तरी चढा.

काल मी त्या बोळात पुन्हा गेले. फोटो हातात धरून नकाशाशी ताडून पाहिला. फोटोतली रेघ घंटेपर्यंत जाऊन परत येते आणि ओट्यापाशी संपते. चौकटीतली आता संपत नाही. टेकाडावर ती वाकडीतिकडी झालीय, एकदा मागे, एकदा आडवी, सगळं जसंच्या तसं. मग ओट्यावरून निघून, क्लबच्या फाटकातून बाहेर पडून, कागदाच्या कडेपर्यंत गेलीय. कडेला ती चौकटीच्या लाकडाखाली शिरते. पुढे कुठे जाते ते दिसत नाही. माझं घर त्याच बाजूला आहे.

जाऊ दे कुठे जायचं तिथे. मी पत्ता बदलणार नाही.

जुना लोलक माझ्या टेबलावर आहे. क्लबने पत्र पाठवलंय, आमची मालमत्ता परत करा. या आणि घेऊन जा. सध्या तो या पानांवर वजन म्हणून ठेवलाय. भर दुपार आहे, खिडकी बंद आहे. हे लिहिता लिहिता तो दोनदा पानांवर उसळला. मग थांबला. मग पुन्हा दोनदा.

वाट मोकळी आहे म्हणतोय. खोटं बोलतोय. मी चढून बघितलंय, आणि रविवारी पुन्हा चढणार आहे.